रात्री दोनला कोणाला हाक माराल? नातीगोती आणि तब्येत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या आरोग्य केंद्रांत मी सिस्टर म्हणून नोकरी केली. आता निवृत्त आहे. येळ्ळूर, उचगाव, कडोली, नंदगड अशा गावांतली महिला मंडळं आणि ज्येष्ठांच्या बैठका बोलावतात, तेव्हा जाते. मी बोलते बीपी-शुगरवर आणि नंतर चहाच्या वेळी प्रश्न येतात ते घरातल्या माणसांचे. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे लिहून काढलेत. विचारणाऱ्यांची भाषा फारशी बदललेली नाही.

सिस्टर, जवळची माणसं असली की माणूस जास्त जगतंय, हे कुणी मोजलंय काय? का नुसतं बोलायचं म्हणून बोलायचं?

मोजलंय, आणि बऱ्याच वेळा. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अलामेडा जिल्ह्यात १९६५ साली ६,९२८ लोकांना विचारलं होतं, की लग्न झालंय का, मित्र-नातेवाईक किती भेटतात, देवळा-चर्चला किंवा एखाद्या मंडळात जाता का. पुढची नऊ वर्षं त्यातलं कोण गेलं, कोण राहिलं याची नोंद ठेवली. १९७९ साली निकाल छापला. ज्यांना फारशी माणसंच नव्हती, त्या पुरुषांत मरणाचं प्रमाण भरपूर गोतावळा असलेल्यांच्या २.३ पट निघालं, बायकांत २.८ पट. सिगारेट, दारू, वजन, आधीची तब्येत हे सगळं हिशोबात धरलं तरी फरक उरलाच.

मग २०१० साली असे १४८ अभ्यास एकत्र करून पाहिले. तीन लाखांवर माणसं त्यात होती. ज्यांची नाती घट्ट, त्यांची त्या-त्या अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता ५० टक्क्यांनी जास्त. सिगारेट सोडल्यावर होणाऱ्या फायद्याच्या तोडीचा हा आकडा आहे. आपण शुगर तपासतो, कोलेस्टेरॉल तपासतो. ‘घरी बोलायला कोण आहे?’ हे मात्र केसपेपरवर कुठे लिहिलेलं मी नोकरीभर पाहिलं नाही. मीही विचारत नव्हते, हे कबूल करते.

व्हॉट्सॲपवर हार्वर्डच्या ८५ वर्षांच्या अभ्यासाचं फिरत असतंय. ते खरं की फॉरवर्ड?

अभ्यास खरा आहे. १९३८ साली सुरू झाला. एकीकडे हार्वर्ड कॉलेजातली २६८ मुलं आणि दुसरीकडे बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतली ४५६ मुलं, अशा ७२४ जणांच्या मागे संशोधक आयुष्यभर लागून राहिले. रक्त तपासलं, घरी जाऊन बायकोशी बोलले, पुढे त्यांच्या मुलांनाही अभ्यासात घेतलं. पन्नाशीत जे आपल्या नात्यांत समाधानी होते, ते ऐंशीत जास्त धडधाकट निघाले. पन्नाशीतल्या कोलेस्टेरॉलवरून ऐंशीचा अंदाज एवढा नीट बांधता आला नाही.

फॉरवर्डमध्ये एक गोष्ट गाळलेली असते. सुरुवातीचे सगळे पुरुष होते आणि सगळे गोरे. त्यामुळे त्यातलं सगळं जसंच्या तसं आपल्या चावडीवर आणून टाकू नये. पण त्यांचा एक प्रश्न मी उचललाय आणि तो प्रत्येक बैठकीत विचारते : रात्री आजारी पडलात, घाबरलात, तर कोणाला हाक माराल? सगळ्यांची नावं लिहा. काही जण पाच नावं पटापट लिहितात. काही जण पेन धरून बसून राहतात.

पण आजारी माणूसच घरात बसतंय की. मग एकटेपणामुळे आजार, का आजारामुळे एकटेपणा?

हा प्रश्न उचगावच्या एका निवृत्त मास्तरांनी विचारला होता आणि तो शंभर नंबरी आहे. दोन्ही होतं. गुडघे धरले की माणूस पारावर येणं सोडतो. पार सुटला की चालणं सुटतं. चालणं सुटलं की गुडघे आणखी धरतात.

नुसता आजारच कारण नाही, हे दाखवणारा एक गमतीदार प्रयोग १९९७ साली झाला. २७६ निरोगी लोकांच्या नाकात सर्दीचे विषाणू मुद्दाम सोडले आणि कोणाला सर्दी होते ते पाहत बसले. ज्यांची एक ते तीनच प्रकारची नाती होती, त्यांना सर्दी होण्याचं प्रमाण सहा किंवा जास्त प्रकारची नाती असलेल्यांच्या चौपटीहून अधिक. इथे माणसं किती हे मोजलं नव्हतं, नात्यांचे प्रकार मोजले होते. जोडीदार, आई-बाप, सासर, शेजार, कामावरची माणसं, मंडळातली माणसं, असे. म्हणजे वीस चुलतभाऊ असले तरी प्रकार एकच! भाऊबंद सोडून बाहेर कोण आहे, हे मोजून बघा.

शरीराच्या आत होतंय तरी काय?

दोन वाटा आहेत. पहिली आतली. भीती वाटली, ताण आला की अंगात झटापटीची तयारी होते, म्हणजे नाडी वाढते, रक्तदाब वाढतो, कॉर्टिसोल हे ताणाचं रसायन रक्तात सुटतं. प्रसंग टळला की हे उतरायला हवं. जवळचं माणूस असलं की उतरतं. २००६ साली एका प्रयोगात १६ विवाहित बायकांना एमआरआय यंत्रात झोपवून ‘आता विजेचा छोटा झटका बसेल’ अशी धास्ती दिली. एकटी असताना मेंदूतला धोक्याचा गलका सगळ्यांत जास्त. परक्याचा हात धरला तर थोडा कमी. नवऱ्याचा हात धरल्यावर सगळ्यांत कमी, आणि ज्यांचा संसार सुखाचा त्यांच्यात तो आणखी कमी. बाळंतपणात ‘सिस्टर, हात सोडू नका’ म्हणणाऱ्या बायकांना हे यंत्राशिवाय कळत होतं. ताण वर्षानुवर्षं उतरलाच नाही, तर रक्तवाहिन्या, झोप, प्रतिकारशक्ती या सगळ्यांवर त्याचा भार पडतो.

दुसरी वाट साधी आहे आणि माझ्या मते आपल्याकडे तीच मोठी. कुणीतरी बघतं. जांबोटीकडच्या एका शेतकऱ्याची गोष्ट. रोप लावणीचे दिवस, धो धो पाऊस. छातीत जळजळतंय म्हणून तो पित्ताची गोळी घेऊन पडला. बायकोनं बघितलं, की एवढ्या गारठ्यात याचा सदरा घामानं भिजलाय. तिनं दिराला उठवलं, दिरानं गाडीवाल्याला. हृदयविकाराचा झटका होता, वेळेत बेळगावला पोचला. तो एकटा असता तर सकाळपर्यंत पित्तच समजून राहिला असता. गोळी घेतली का, पाय सुजलाय का, कालपासून जेवण कमी का झालं, हे सगळं दुसऱ्याच्या डोळ्याला आधी दिसतं.

आमचं घर सतरा माणसांचं. तरी मला एकटं का वाटतंय? माझंच काही चुकतंय काय?

काही चुकत नाही. घरात एकटं असणं वेगळं आणि मनात एकटं वाटणं वेगळं. दोन्ही निरनिराळं मोजतात आणि दोन्ही वाईट. २०१५ साली ७० अभ्यासांचा हिशोब मांडला, त्यात मरणाची शक्यता एकटं वाटण्यामुळे २६ टक्के, माणसांपासून तुटून राहण्यामुळे २९ टक्के आणि एकट्यानं घर करून राहण्यामुळे ३२ टक्के वाढलेली दिसली.

हा प्रश्न विचारणाऱ्या मावशींना मी विचारलं, ‘घरात तुमच्याशी कोण बोलतं?’ म्हणाल्या, ‘सगळी विचारत्यात की, जेवलीस काय, गोळी खाल्लीस काय.’ मग जरा थांबून म्हणाल्या, ‘बसत मात्र कोण नाही.’ मोठ्या घरांत हे फार होतं. म्हाताऱ्यांची सोय उत्तम लागलेली असते आणि त्यांच्याजवळ टेकायला कुणाला सवड नसते. भाजी निवडायला, शेंगा फोडायला त्यांच्या पुढ्यात जाऊन बसा. काम तुमचंही होतंय.

आमचं नवरा-बायकोचं रोजचं वाजतंय. तरी लग्नानं आयुष्य वाढतं म्हणायचं काय?

लग्नाचा दाखला असून भागत नाही. २००५ सालच्या एका अभ्यासात ४२ जोडप्यांच्या हातावर (कोपराखाली) बारीक फोड आणून जखम केली आणि ती किती दिवसांत भरते ते पाहिलं. ज्यांच्या बोलण्यात सतत टोमणे आणि कडवटपणा होता, त्यांच्या जखमा हळू भरल्या, गोडीनं राहणाऱ्यांच्या वेगाच्या ६० टक्केच वेगानं. भांडण प्रत्येक घरात आहे. भांडून झाल्यावर संध्याकाळी चहा एकत्र होतो का, हे बघा.

मार असेल, जिवाची भीती असेल, तर हे पान विसरा. ‘नातं टिकवलं तर आयुष्य वाढतं’ असं सांगून कुणी तुम्हाला परत धाडत असेल, तर ते चूक सांगतात. महिलांसाठी १८१, तातडीला ११२.

बायको गेल्यावर म्हातारा फार दिवस काढत नाही, हे खरं काय?

खरं आहे. जोडीदार गेल्यानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत मागे राहिलेल्याचा धोका वाढलेला असतो, आणि पुरुषांत तो बायकांपेक्षा जास्त दिसतो. एक आजार तर अशा धक्क्यानंच होतो. दुःखाच्या किंवा भीतीच्या झटक्यानं हृदयाचा डावा कप्पा फुगून त्याला एका मडक्याचा आकार येतो. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला तसलं मडकं वापरतात, म्हणून १९९० साली तिथल्या डॉक्टरांनी त्याचं नाव ठेवलं ताकोत्सुबो. पाळी गेलेल्या बायकांत तो जास्त दिसतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात, पण सुरुवातीला तो अगदी हृदयविकाराच्या झटक्यासारखाच वाटतो. म्हणून ‘दुःखानं छाती भरून आलीय’ असं म्हणून थांबू नका, दवाखाना गाठा.

पण पुरुषांचं जास्त का होतं? आपल्याकडचं मला दिसतं ते सांगते. गावातल्या सगळ्या नात्यांची दोरी बायकोच्या हातात असते. कुणाच्या बारशाला जायचं, कुणाला फोन करायचा, कुणाकडे लोणच्याची बरणी धाडायची. ती गेली की दोरी सुटते. त्याला चहाही करता येत नसतो, आणि सुनेला दुसऱ्यांदा चहा मागायची लाज वाटते.

दिवसकार्यापर्यंत घरात पाय ठेवायला जागा नसते. नंतर एकदम सामसूम. तुम्हाला त्या माणसासाठी काही करायचं असेल तर तेराव्याच्या गर्दीत तोंड दाखवून थांबू नका. दुसऱ्या महिन्यात जा. अमावास्येच्या आसपास, संध्याकाळी दिवेलागणीला. ती वेळ सगळ्यांत वाईट जाते.

मुलगा पुण्यात, मुलगी बेंगळुरात. फोनवरच्या नात्याचा उपयोग होतो काय?

होतो. रोज ठरलेल्या वेळी पाच मिनिटं बोलणं हे महिन्यातून एकदा तासभर बोलण्यापेक्षा बरं, कारण फोन आला नाही तर दोन्हीकडे चुकल्यासारखं वाटतं. व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा उतरलेला कळतो. पण फोन हात धरत नाही आणि पाण्याचा पेला देत नाही. म्हणून मुलांनी आई-बापाबरोबर शेजारच्या घराचाही नंबर जपून ठेवावा आणि सणाला आलं की त्या शेजारी आधी जावं. कुंद्याचा एक बॉक्स तिकडेही न्यावा.

नवरा मिलिटरीतून रिटायर होऊन आलाय. घरात त्याचं मन लागत नाही.

मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावात, त्यामुळे हा प्रश्न आपल्याकडे गावोगावी. चाळिशीत माणूस घरी येतो. सुट्टीत आला की पाहुणा होता, आता कायमचा आलाय, आणि घर त्याच्याशिवाय चालायला शिकलेलं असतं. युनिटमध्ये उठणं, जेवणं, हसणं सगळं शंभर जणांबरोबर होतं. इथे सकाळी नऊ वाजता करायचं काय? मग बाटली जवळची वाटते. गावातल्या माजी सैनिकांची बैठक असेल तर त्याला तिथे धाडा, नसेल तर चार जण मिळून सुरू करा. पोरांना भरतीची तयारी करून घेणारे कित्येक निवृत्त जवान मी पाहिलेत. सकाळी मैदानावर शिट्टी वाजवणारा माणूस घरात कमी चिडतो, असं त्यांच्या बायकाच सांगतात.

भजनी मंडळ, दिंडी, भिशी, तालीम, हे सगळं यात धरतात काय?

धरतात, आणि मला विचाराल तर आपली खरी ठेव इथेच आहे. हरिपाठाला रोज येणारे तात्या दोन दिवस दिसले नाहीत, तर तिसऱ्या दिवशी टाळकरी दारात येऊन ओरडतो, ‘काय करुलायस गा, आलास नाही ते?’ ही जी चौकशी आहे, ती कुठल्याही सरकारी योजनेत बसत नाही. पंढरपूरच्या दिंडीला जाणारे वारीच्या आधी महिनाभर चालायचा सराव करतात, एकमेकांच्या पायाचे फोड बघतात. भिशीच्या बायका पैसे मोजता मोजता कुणाच्या हातावर वळ आहे हे बरोबर टिपतात.

एक तक्रार मात्र आहे. पुरुषांना पार आहे, कट्टा आहे, तालीम आहे. बायकांना, त्यातही विधवा बायकांना, कारणाशिवाय बसायची जागा गावात नाही. हळदीकुंकवाला विधवेला वगळायची रीत अजून आहे, आणि एकटेपणा वाढवायची याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही. काही गावांतल्या मंडळांनी ती मोडलीय. तुमच्याही मंडळाला कुणी अडवलेलं नाही.

वडिलांना ऐकू येत नाही. ते बोलायचेच बंद झालेत.

वडगाव, खासबाग, शहापूरच्या विणकर घरांत हे हमखास. आयुष्य मागाच्या खडखडाटात गेलं, कान गेले. ऐकू न येणारा माणूस हसण्यावारी नेतो, मग उठून जातो, मग येतच नाही. घरचे म्हणतात स्वभाव बदलला. कमी ऐकू येणं आणि माणसांपासून तुटणं, या दोन्ही गोष्टी स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्यांच्या यादीत आहेत. आधी कान तपासा. कधी कधी नुसता मळ असतो!

माहेरी जाणं म्हणजे चैन, असं सासू म्हणते.

चैन नव्हे. आईशी, बहिणीशी मन मोकळं करणं ही बाईच्या तब्येतीची गरज आहे. जून २०२३ पासून कर्नाटकात शक्ती योजनेमुळे बायकांना राज्याच्या साध्या बसमधून फुकट जाता येतं. खानापूरच्या बाजूला तेव्हापासून दुपारच्या गाडीत माहेरवाशिणींची गर्दी मी बघते आणि बरं वाटतं. माहेर महाराष्ट्रात, चंदगड किंवा गडहिंग्लजकडे असलं तर तिकिटाचं बघावं लागेल. सासूबाईंनाही विचारा, त्या शेवटच्या माहेरी कधी गेल्या होत्या. बहुतेक वेळा खरं दुखणं तिथे असतं.

दवाखान्यात सगळं कानडीत. म्हातारी घाबरते. एकटी पाठवू काय?

नको. सीमाभागातल्या जुन्या पिढीत मराठी शाळेत शिकलेले कितीतरी जण कानडी बोलतात, पण त्यांना वाचता येत नाही. ‘ऊटा आद मेले’ म्हणजे जेवणानंतर, एवढं कळलं नाही तर गोळी उपाशीपोटी जाते. सोबत कानडी जाणणारं माणूस न्या. शेजारची अक्का असेल, कानडी शाळेत जाणारी नात असेल. सीमावादावर आपली मतं काहीही असोत, केसपेपर वाचून दाखवणाऱ्या शेजारणीशी वाद घालणारी म्हातारी मी अजून पाहिलेली नाही. दोन्ही भाषांतली नाती असणं हा आपल्या भागाचा मोठा आधार आहे.

मित्रांमुळेच तंबाखू लागली. मग मित्र चांगले कसे?

नात्यांतून सवयी दोन्ही बाजूंनी जातात. फ्रॅमिंगहॅम या अमेरिकन गावात १९७१ ते २००३ अशी बत्तीस वर्षं बारा हजारांवर लोकांच्या सिगारेटचा माग काढला. जोडीदारानं सोडली तर दुसरा ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटली, मित्रानं सोडली तर ३६ टक्क्यांनी. निपाणी म्हणजे तंबाखूचंच गाव, तिथे पुडी न घेणारा परका ठरतो. एकट्यानं सोडू नका, दोघं मिळून सोडा.

मला माणसांची गर्दी सोसत नाही. मी वाईट काय?

नाही. एक-दोन भरवशाची माणसं पुरतात.

सासऱ्यांची सगळी सेवा मीच करते. माझ्या तब्येतीचं काय?

हा प्रश्न नेहमी बैठक संपल्यावर, चपला घालताना, हळूच येतो. एका अभ्यासात असं दिसलं, की वयस्क जोडप्यांत दुसऱ्याला आधार देणारे नुसता आधार घेणाऱ्यांपेक्षा जास्त जगले. हे ऐकून कुणी सुनेला म्हणेल, ‘बघ, कर की मग.’ पण आपणहून देणं आणि मानेवर जू असणं यांत फरक आहे. रात्री झोप नाही, दिवसा उसंत नाही, बोलायला कुणी नाही, अशी सेवा करणारी बाई स्वतः आजारी पडते. नणंदेनं आठवड्यातून दोन दिवस यावं, मुलग्यानं बापाची अंघोळ घालावी. बाप त्याचाही आहे.

जमिनीच्या वाटणीवरून भाऊ दहा वर्षं बोलत नाही. आता साठी आली. काय करू?

भाऊबंदकीवर माझ्याकडे औषध नाही. कोर्टातली केस कोर्टात राहू दे. पण केस आणि बोलणं यांची गाठ सोडवता येते, हे मी पाहिलंय. एका गावात दोन भावांची तारीख खानापूर कोर्टात एकाच दिवशी असायची. धाकट्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याला बसची पाटी दिसेना. थोरला न बोलता त्याचा दंड धरून गाडीत चढवायचा, उतरल्यावर सोडायचा. सहा महिन्यांनी दोघं कोर्टाबाहेर एकाच टपरीवर चहा पिताना दिसले. केस अजून चालू आहे.

मनवायला मोठी माणसं गोळा करू नका, त्यात जुना हिशोब निघतो. आजारपण, पेरणी, नातवाचं बारसं, असं एखादं निमित्त धरा आणि वाटणीचा शब्द काढू नका. समोरून उत्तर आलं नाही तर एवढंच समजा, की अजून वेळ आहे.

हे सगळं आत्ताच का निघालंय? आमच्या आजीच्या वेळी असलं काय नव्हतं.

आजीच्या वेळी घरं रिकामी नव्हती. आता जगभर हाच प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२५ साली सांगितलं, की दर सहातलं एक माणूस एकटेपणानं त्रासलंय आणि वर्षाला सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यूंचा संबंध त्याच्याशी लागतो. अमेरिकेच्या सरकारी आरोग्यप्रमुखांनी २०२३ साली याच विषयावर देशाला इशारा दिला. ते विवेक मूर्ती, मूळ घराणं आपल्या कर्नाटकातल्या मंड्याकडचं.

मी एकटाच राहतो. आजपासून करू काय?

ज्येष्ठांसाठी १४५६७ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६ हे फुकट नंबर आहेत. रुग्णवाहिका १०८. पण कणकुंबीकडे पावसात रेंज जाते, म्हणून चालत दोन मिनिटांत येईल असं एक माणूस ठरवा. त्याला स्पष्ट विचारा, ‘रात्री हाक मारली तर येशील काय?’ त्याचं नाव मोठ्या अक्षरांत दाराच्या आतल्या बाजूला लिहा. सकाळी दार उघडलं की त्याला दिसेल अशी एक खूण ठरवा. बादली बाहेर ठेवणं असेल, दिवा मालवणं असेल. आणि घराची दुसरी किल्ली आजच त्याच्याकडे देऊन या.